दुसरा कोण? ऑक्सिडीकरण-क्षपणाच्या प्रयोगांविषयी

मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा सोडायचा आणि वीस मिनिटं थांबायचं. आपल्याकडे दहावीपर्यंत शिकलेल्या बहुतेकांनी हा प्रयोग एकदा तरी पाहिलेला असतो, निदान वहीत लिहिलेला असतो. वहीतलं निरीक्षण सगळ्यांचं सारखं असतं: खिळ्यावर तांबूस थर जमला, निळं द्रावण फिकट हिरवं झालं. मी कित्येक वर्षं प्रयोगशाळेत उभं राहून हा प्रयोग मुलांकडून करून घेतला. तांबूस थर नेहमी दिसला. फिकट हिरवं द्रावण मात्र वीस मिनिटांत क्वचितच दिसलं.

एकदा नववीतल्या एका मुलीने परीक्षानळी उजेडात धरून विचारलं, “सर, माझं निळंच राहिलंय. मग काय लिहू?” तास संपत आला होता, पुढची बॅच दाराशी उभी होती. मी म्हणालो, “पुस्तकात आहे ते लिही.” तिने लिहिलं आणि मी सही केली. त्या सहीची बोच अजून गेलेली नाही. तिने डोळ्यांनी पाहिलेलं खरं होतं आणि मी तिला ते खोडायला लावलं होतं. हे पुस्तक लिहायला घेतलं ते त्या मुलीला द्यायच्या राहून गेलेल्या उत्तरासाठी.

ते उत्तर असं. खिळा एक असतो, त्याचा पृष्ठभाग इवलासा, आणि भोवती मोरचूद भरपूर. खिळ्यावर तांब्याचा थर बसला की आतल्या लोखंडाची वाट जवळजवळ बंद होते. द्रावणातलं बहुतेक तांबं जिथल्या तिथे राहतं, म्हणून निळा रंगही राहतो. त्याऐवजी थोडं मोरचूद घेऊन त्यात भरपूर लोहकीस टाकला आणि नळी हलवत राहिलं, तर पाचदहा मिनिटांत निळा रंग उतरून खरोखर हिरवट छटा येते. नळी हाताला कोमट लागते. थर्मामीटर असेल तर वाढलेलं तापमान आकड्यांत मिळतं. खिळाच वापरायचा असेल तर तो आधी पॉलिश पेपरने लखलखीत घासावा. बाजारातल्या खिळ्यांवर तेल असतं, काहींवर जस्ताचा मुलामा असतो. मुलामा असला तर लोखंडाच्या आधी जस्त विरघळतं आणि मग हिरवा रंग कुठून येणार?

गोष्ट इथेही संपत नाही. तीच नळी दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवली तर हिरवट द्रावण पिवळसर, मग तपकिरी होतं आणि तळाशी गंजासारखा गाळ बसतो. प्रयोग बिघडला असं समजून मुलं ते ओतून देतात. वास्तविक तिथे दुसरा प्रयोग आपण होऊन सुरू झालेला असतो. पहिल्या दिवशी लोखंडाने प्रत्येक अणूमागे दोन इलेक्ट्रॉन तांब्याला दिले होते. आता तेच लोखंड तिसरा इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनला देतं. एकाच नळीत, एकाच मूलद्रव्याचं, दोन टप्प्यांत ऑक्सिडीकरण. शाळेच्या प्रयोगशाळेत यापेक्षा श्रीमंत निरीक्षण मला ठाऊक नाही, आणि ते आपण तासाच्या घंटेबरोबर मोरीत ओततो.

या पुस्तकातल्या प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी मी एकच प्रश्न ठेवला आहे: दुसरा कोण? ऑक्सिडीकरण एकट्याने होत नाही. एकाने इलेक्ट्रॉन सोडला, तर त्याच क्षणी तो कुणीतरी घेतलेला असतो. देणाऱ्याचं ऑक्सिडीकरण, घेणाऱ्याचं क्षपण, व्यवहार एक. पण डोळ्यांत भरते ती बहुधा एकच बाजू. लोखंड गंजलं हे दिसतं. ऑक्सिजनचं क्षपण झालं हे दिसत नाही. खिळ्यावर तांबं चढलं हे दिसतं. लोखंड झिजलं हे दिसत नाही. न दिसणाऱ्या बाजूला शोधून काढणं हाच या प्रयोगांचा अभ्यास आहे.

न दिसणारी बाजू शोधायचं पहिलं साधन तराजू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातले रसायनज्ञ असं मानत की पदार्थ जळतो तेव्हा त्यातून फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी बाहेर पडतं. धातू तापवला की त्याचं भस्म होतं, म्हणजे धातूतलं फ्लॉजिस्टन गेलं. अडचण एवढीच की भस्माचं वजन मूळ धातूपेक्षा जास्त भरे. काही गेलं आणि तरी वजन वाढलं, हे कसं? १७७४मध्ये इंग्लंडात जोसेफ प्रीस्टलीने पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर बहिर्गोल भिंगाने ऊन एकवटून एक वायू मिळवला. त्यात मेणबत्ती तेजाने जळत होती. पॅरिसमध्ये आंत्वान लाव्हाझिएने पारा बंद भांड्यातल्या हवेत बारा दिवस तापवला. पाऱ्यावर तांबडी खपली आली आणि हवेचं आकारमान घटलं. तीच खपली वेगळी काढून जोरात तापवल्यावर पारा परत मिळाला आणि हवेतून गेलेला वायूही परत मिळाला. दुसरा कोण, याचं उत्तर त्या भांड्यातल्या हवेत होतं. लाव्हाझिएने त्याला ऑक्सिजन हे नाव दिलं. १७८९मध्ये त्याचा रसायनशास्त्रावरचा ग्रंथ आला आणि १७९४मध्ये क्रांतीच्या धामधुमीत गिलोटिनखाली त्याचा शिरच्छेद झाला.

तराजूचा हा धडा आपल्या खिळ्यालाही लागू पडतो, आणि तो कुणी सहसा करून पाहत नाही. ५६ ग्रॅम लोखंड द्रावणात जातं तेव्हा त्याच्या जागी ६३.५ ग्रॅम तांबं बसतं. म्हणजे खिळा झिजतो आणि तरीही जड होतो. खिळ्याऐवजी जस्ताची पट्टी घेतली तर उलटं: ६५.४ ग्रॅम जस्त जातं, ६३.५ ग्रॅम तांबं येतं, पट्टी किंचित हलकी होते. शतांश ग्रॅम दाखवणारा तराजू असेल तर खिळ्यातला फरक पकडता येतो, फक्त सैल तांबं गळून पडू नये म्हणून हात हलका हवा. तांबूस थर पाहून मूल म्हणतं, “तांबं चिकटलं.” वजन केल्यावर त्याच्या लक्षात येतं की काहीतरी गेलंही आहे.

क्षपण या शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण मुलांना तो परका वाटतो. ऑक्सिडीकरणात निदान ऑक्सिजन ऐकू येतो. क्षपण म्हणजे काय? संस्कृतात या शब्दाला क्षीण करणं, घटवणं असा अर्थ आहे. जैन साधूला क्षपणक म्हणत, आणि मुद्राराक्षस नाटकात त्या वेषातलं एक पात्रही आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात क्षपणक म्हणजे दुसऱ्याचं क्षपण घडवून आणणारा पदार्थ. मूळ युरोपीय शब्दाचा अर्थ परत नेणं असा आहे: भस्मातून धातूकडे परत. मराठी शब्दाने त्या प्रवासातली वजनातली घट पकडली. दोन्ही शब्द भट्टीशेजारी उभं राहून सुचावेत असे आहेत. मला दोन्ही आवडतात; वर्गात शिकवताना मी दोन्ही सांगतो. अकरावीत विज्ञान शाखा घेतली की बहुतेक ठिकाणी माध्यम इंग्रजी होतं आणि मराठी शब्द मागे पडतात. तोवर मुलांनी क्षपण हा शब्द मनापासून वापरलेला असावा असं मला वाटतं.

भट्टीचा विषय निघाला म्हणून जावर. उदयपूरजवळच्या या खाणींच्या परिसरात मध्ययुगात जस्त मोठ्या प्रमाणावर तयार होत असे. क्षपणाचा इतका अवघड आणि इतका देखणा नमुना भारतात दुसरा नसेल. जस्ताच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घ्यायला कोळसा पुरतो, पण त्यासाठी लागणाऱ्या तापमानाला जस्त द्रवरूपात टिकत नाही. ते ९०७ अंश सेल्सियसला उकळतं. मोकळं होतं ते वाफेच्या रूपात, आणि त्या वाफेला जराशी हवा मिळाली की तिचं पुन्हा ऑक्साइड होतं. मिळवलेलं सगळं परत जातं. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी केल्या. त्या तोंड खाली करून भट्टीत लावायच्या, वर आग, खाली थंड कोठी. वाफ नळीतून खाली उतरायची आणि हवा लागायच्या आत थिजायची. एका भट्टीत अशा छत्तीस मुशी असत. रसरत्नसमुच्चय या ग्रंथात वृंताकमुषेचं वर्णन आहे. वृंताक म्हणजे वांगंच. १९८०च्या दशकात तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन झालं तेव्हा भट्ट्या आणि मुशी जशाच्या तशा सापडल्या. वापरून झालेल्या मुशी रचून बांधलेल्या भिंतीही त्या गावांत आहेत. दुसरा कोण हा प्रश्न त्या कारागिरांना रोज पडत असणार: कोळसा हवा, हवा नको.

इलेक्ट्रॉन या गोष्टीत फार उशिरा आला. जे. जे. थॉमसनने त्याचा शोध लावला तो १८९७मध्ये. त्याआधी १८३६मध्ये डॅनियलचा विद्युतघट तयार झाला होता आणि जस्त व तांबं यांच्यातला व्यवहार तारेतून वाहताना दिसला होता. आजच्या विद्यार्थ्याला या क्रमाचा फायदा करून द्यावा. एका चंचुपात्रात जस्ताची पट्टी झिंक सल्फेटमध्ये, दुसऱ्यात तांब्याची पट्टी मोरचुदाच्या द्रावणात, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गाळणकागदाचा पूल. मल्टीमीटर एक व्होल्टच्या आसपास दाखवतो. पूल उचलला की आकडा पडतो. देणारा आणि घेणारा वेगवेगळ्या भांड्यांत बसवून त्यांच्यातला व्यवहार मोजता येतो, हे मुलांना इथे पहिल्यांदा दिसतं. ऑक्सिडीकरण अंकांचे नियम मी पुस्तकात मुद्दाम या प्रयोगानंतर घेतले आहेत. हिशेबाची वही उपयोगी असते, पण आधी बाजार पाहिलेला असावा.

आता परमँगनेट. बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये ज्यांनी ब्युरेट हाताळला त्यांना तो जांभळा रंग आयुष्यभर आठवतो. पटकी आली की विहिरीत टाकले जाणारे जांभळे खडे काही वाचकांच्या घरी मोठ्या माणसांनी पाहिलेले असतील. तेच हे पोटॅशियम परमँगनेट, जंतूंकडूनही इलेक्ट्रॉन हिसकावून घेणारं. प्रॅक्टिकलमध्ये त्याच्यासमोर ऑक्झॅलिक ॲसिड किंवा मोहर सॉल्ट असतं. हा प्रयोग परीक्षेला ठरलेला, त्यामुळे त्याची कृती सगळ्यांना पाठ असते, आणि त्यातलं बहुतेक रसायनशास्त्र त्या पाठांतराखाली गाडलं गेलेलं असतं.

शंकुपात्रात दहा मिली ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात विरल सल्फ्युरिक ॲसिड, आणि मिश्रण साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम. पहिला थेंब पडतो आणि गुलाबी रंग तसाच राहतो. नवखा विद्यार्थी घाबरतो, एंड पॉइंट झाला म्हणून आकडा लिहून टाकतो. थांबून पात्र फिरवत राहिलं तर काही सेकंदांनी रंग जातो. पुढचा थेंब लवकर विरतो, त्याच्या पुढचा पडताक्षणी. कारण या अभिक्रियेतून तयार होणारे मँगनीजचे आयन तिचा वेग वाढवतात. अभिक्रिया स्वतःच स्वतःला गती देते. हे डोळ्यांदेखत घडत असतं आणि तरी जर्नलमध्ये याची एक ओळ नसते. जर्नलमध्ये पायलट रीडिंग असतं, मग तीन सारखी रीडिंगं आणि सी.बी.आर., म्हणजे ब्युरेटचं स्थिर रीडिंग.

सल्फ्युरिक ॲसिडच का, असं तोंडी परीक्षेत विचारतात आणि मुलं “कारण ते माध्यम आहे” असं सांगून सुटतात. इथे “दुसरा कोण” विचारून पाहावं. हायड्रोक्लोरिक ॲसिड घेतलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडकडूनही इलेक्ट्रॉन घेतं, क्लोरीन सुटतो आणि ब्युरेटचा हिशेब फुगतो. नायट्रिक ॲसिड स्वतःच इलेक्ट्रॉन घेणारं आहे. ते परमँगनेटच्या वाट्यात हात घालतं. सल्फ्युरिक ॲसिड विरल असताना या व्यवहारात पडत नाही. ते कमी पडलं तर मात्र परमँगनेट पुरता पाच इलेक्ट्रॉनांपर्यंत पोहोचत नाही, तीनवर थांबतं, आणि पात्रात तपकिरी गढूळपणा दिसतो. तो तपकिरी रंग ही चूक खरी, पण त्या चुकीतून शिकायला मिळतं तेवढं तीन सारख्या रीडिंगांतून मिळत नाही.

हिशेबही एकदा हाताने करून बघावा. ऑक्झॅलेट दोन इलेक्ट्रॉन देतं, परमँगनेट पाच घेतं, म्हणून दोन परमँगनेटला पाच ऑक्झॅलेट हे प्रमाण. २५० मिली पाण्यात १.५७५ ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवलं की ०.०५ मोलर द्रावण होतं. त्याच्या दहा मिलीला ०.०२ मोलर परमँगनेट बरोबर दहा मिली लागायला हवं. लागलं नाही तर चूक द्रावणात आहे की हातात, हे शोधायचं. परमँगनेटचं द्रावण ठेवल्या ठेवल्या बदलतं, म्हणून बहुधा द्रावणातच असते.

प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात येऊ. मराठीत कळकणं हे एक सुरेख क्रियापद आहे. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं. रंग हिरवट, चव तुरट, प्यायलं तर मळमळ. आंबटपणाने तांबं विरघळलं, असं आपण म्हणून टाकतो. पण तांबं सहजासहजी देणारं नाही. आंबट पदार्थातला हायड्रोजन आयन त्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेऊ शकत नाही. मग दुसरा कोण? हवेतला ऑक्सिजन. तो इलेक्ट्रॉन घेतो, आंबटपणा सुट्या झालेल्या तांब्याला द्रावणात ओढून नेतो. काठाशी, जिथे ताक, हवा आणि धातू तिन्ही भेटतात, तिथे हिरवट कड आधी का दिसते याचा उलगडा यात आहे. तांब्याचा स्वच्छ तुकडा दोन बाटल्यांत लिंबूरसात ठेवावा, एक उघडी, दुसरी गच्च भरून बूच लावलेली, आणि आठवडाभराने रंग ताडून पाहावा.

याच्या शेजारीच एक सापळा आहे. चिंचेने घासल्यावर काळवंडलेला तांब्या लखलखतो, हे क्षपणाचं उदाहरण म्हणून सर्रास सांगितलं जातं. ते तसं नाही. काळं कॉपर ऑक्साइड चिंचेच्या आम्लात विरघळून जातं आणि खालचं तांबं उघडं पडतं. तांब्याने काही घेतलं नाही, काही दिलं नाही. हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं, कारण दुसरा कोण हा प्रश्न विचारल्यावर कधीकधी “कुणीच नाही” असं उत्तर यायला हवं.

चांदीचं उदाहरण मात्र अस्सल. देवघरातलं काळं पडलेलं निरांजन ॲल्युमिनियम फॉइलवर ठेवायचं, धुण्याचा सोडा टाकलेलं कढत पाणी वर ओतायचं. निरांजन उजळतं, पाण्याला सडक्या अंड्यांसारखा हलका वास येतो. चांदी गंधकाशी जोडली गेली होती. ॲल्युमिनियमने इलेक्ट्रॉन दिले आणि ती जागच्या जागी पुन्हा चांदी झाली. पावडरने घासताना हीच चांदी कणाकणाने फडक्यावर जाते. फॉइलला भांडं टेकलेलंच हवं. मध्ये कागद घालून पाहिला की का ते कळतं.

भाताच्या पेजेत आयोडीनचा थेंब टाकून आलेला निळा-काळा रंग लिंबूरसाने जातो, हाही घरचाच प्रयोग. इथे लगेच शंका घ्यावी: आंबटपणामुळे गेला की आणखी कशामुळे? ढोकळ्यासाठी वाण्याकडून आणलेलं सायट्रिक ॲसिड पाण्यात कालवून टाकलं तर रंग तसाच राहतो. म्हणजे काम क जीवनसत्त्वाचं. निळ्या बाटलीचा प्रयोग शिक्षकांनीच करून दाखवावा, कारण त्यात कॉस्टिक सोडा आहे: ग्लुकोज आणि मेथिलीन ब्लू घातलेली बाटली ठेवली की रंगहीन, हलवली की निळी. काठोकाठ भरून बूच लावलं तर कितीही हलवा, निळी होत नाही.

गंजाचे प्रयोग प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहेत, म्हणून इथे दोनच पानं दिली आहेत. कोकणातल्या वाचकांनी खिडकीचे गज पाहिले तरी पुरे.

काही प्रयोग मी गाळले. परमँगनेटवर ग्लिसरीन टाकून आग काढणं, थर्माइट, बंद नळीतून हायड्रोजन सोडून तापलेलं कॉपर ऑक्साइड लाल करणं. दिसायला ते भारी असतात, टाळ्या मिळतात, पण एका वर्गात तीस-चाळीस मुलं दाटीने उभी असताना मला त्यांची भीती वाटते, आणि तसं म्हणण्यात मला कमीपणा वाटत नाही. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही, हे मात्र प्रयोग म्हणून नव्हे तर इशारा म्हणून पहिल्याच पानावर ठळक छापलं आहे. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन सुटतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

जर्नलविषयी शिक्षकांना एक विनंती. निरीक्षणाचा रकाना प्रयोगाआधी कोरा असावा आणि निष्कर्षाच्या शेजारी “अपेक्षेपेक्षा वेगळं काय दिसलं?” असा एक रकाना आखून घ्यावा. त्यात “निळंच राहिलं” असं लिहिलेलं असलं तरी सही करावी, आणि शक्य असेल तर पुढच्या तासाला त्या नळीकडे सगळ्यांनी मिळून पाहावं.

मोरचुदाचं द्रावण मोरीत ओतू नये. ते ओढ्यापर्यंत पोहोचलं तर माशांना विष आहे. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकची एक बरणी ठेवावी, वर्षभराचं निळं पाणी त्यात साठवावं आणि गंजके खिळे, पत्र्याचे तुकडे त्यात टाकत राहावं. मार्चपर्यंत पाण्याचा निळेपणा गेलेला असतो आणि तळाशी विटकरी रंगाची पूड बसलेली असते. वरचं पाणी निथळून काढायचं, पुडीतले उरलेले खिळे वेचायचे, ती चारपाच वेळा धुऊन सावलीत वाळवायची. ते तांबं आहे. जूनमध्ये नवी बॅच आली की तेच चिनी मातीच्या बशीत घेऊन तापवायचं. ते काळं पडेल, वजन वाढेल, आणि या पुस्तकातला पहिला प्रयोग तिथून सुरू होईल.